एनबीएतले बेंचवरचे लाडके: तुमचा कोण?

रविकिरण_एन

परवा एनबीएतली (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बोस्टन सेल्टिक्सची मॅच लावली तर कॉमेंटरीला ब्रायन स्कॅलॅब्रिनी. तेच लालसर केस, तेच गालभर हसू. बायकोला म्हटलं, ह्या माणसासाठी मी दोन दिवस घसा बसवून घेतला होता. तिने विचारलं, काय खेळायचा हा? काय सांगणार? 'बसायचा,' म्हटलं. बेंचवर, राखीव म्हणून.

२०११ ची गोष्ट. मी शिकागोत डेप्युटेशनवर. तिथल्या बुल्स टीमने त्या सीझनला ८२ पैकी ६२ मॅच मारल्या, त्यांचा डेरिक रोझ एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. आमची तिकिटं युनायटेड सेंटरच्या पार छताखालची, जिथून खेळाडूंपेक्षा त्यांचे भांग जास्त दिसतात. चौथ्या क्वार्टरला बुल्स वीस-बावीसने पुढे, रोझ टॉवेल गुंडाळून बसलेला. शहाण्या माणसाने अशा वेळी उठून ट्रेन गाठावी, बाहेर उणे दहा. पण कोणी हलत नाही. कुठल्या तरी कोपऱ्यातून सुरू होतं, स्कॅ-लॅ-ब्री-नी! मग दुसरा कोपरा, मग सगळं स्टेडियम. कोच थिबोडो हाताची घडी घालून उभा. त्या माणसाला पंचवीसची आघाडीसुद्धा कमी वाटायची. लोक ओरडतायत, हा बघतच नाही. आणि शेवटी वैतागून बेंचच्या टोकाकडे बोट.

स्कॅलॅब्रिनी वॉर्मअपचा शर्ट काढायला लागला की जो आवाज व्हायचा तो रोझच्या डंकलासुद्धा होत नसे. त्याने थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारला आणि गेला तर छप्पर उडायचं. नाही गेला तरी उडायचं. कोबी ब्रायंट 'ब्लॅक माम्बा', म्हणून हा 'व्हाइट माम्बा'. अकरा सीझन खेळला, सरासरी मॅचला तीनेक पॉइंट.

आमच्याबरोबर साताऱ्याचा एक रूममेट होता, त्याला बास्केटबॉल म्हणजे टोपलीत चेंडू एवढंच ठाऊक. सगळ्यात मोठ्याने तोच बोंबलत होता. बाहेर पडल्यावर विचारतो, कॅप्टन होता का रे तो?

तर धागा यासाठी. असा तुमचा कोण? एनबीए बघणारे इथे बरेच आहेत हे मला माहीत आहे, पहाटे पाचला हिरवा दिवा लागलेला दिसतो तुमचा.

टवाळ_टोणगा

पयला! आमच्या टीममध्ये असे चार जण आहेत. फक्त त्यांच्या नावाने कोणी ओरडत नाही, मॅनेजर सोडून.

एडिसनची_मावशी

रवी, तुझा स्कॅलॅब्रिनी शिकागोला जायच्या कितीतरी आधी आमचा होता बरं का. न्यू जर्सी नेट्स! २००१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या फेरीत आला. २००४ च्या प्लेऑफला (साखळीनंतरची बाद फेरी) डेट्रॉइटशी पाचवी मॅच, तीन ओव्हरटाइम. केन्यन मार्टिन फाउल होऊन बाहेर, निम्मी टीम बाहेर, म्हणून नाइलाजाने ह्याला काढला. ह्याने चार थ्री मारले, चारही आत. १७ पॉइंट. आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या इतका दंगा आमचा. मॅच जिंकलो, सिरीज हरलो, आणि डेट्रॉइट पुढे जाऊन चॅम्पियन. जाऊ दे.

सांगायचं काय, तो विदूषक नव्हता. बसवून ठेवलेला होता, एवढंच. (पोळ्या टाकायच्यात, नंतर लिहिते)

रविकिरण_एन

मावशी, अगदी अगदी! ती मॅच नंतर यूट्यूबवर पाहिली. थ्री गेल्यावर त्याचं त्यालाच खरं वाटत नाहीये असा चेहरा.

औदुंबर

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका.

मी तेव्हा मिशिगनला. पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्समध्ये डार्को मिलिचिचसाठी असंच ओरडायचे लोक. पार्श्वभूमी ज्यांना नाही त्यांच्यासाठी: २००३ चा ड्राफ्ट. पहिला लेब्रॉन. दुसरा डार्को. तिसरा कार्मेलो अँथनी, चौथा बॉश, पाचवा वेड. सर्बियाहून आलेलं अठरा वर्षांचं पोर, चॅम्पियन होऊ घातलेल्या टीममध्ये. लॅरी ब्राउन कोच, तो नवख्यांना हात लावत नसे. मॅच खिशात आली की शेवटची दोन मिनिटं डार्को. त्याला 'ह्यूमन व्हिक्टरी सिगार' म्हणायचे. जुन्या काळी सेल्टिक्सचा कोच रेड ऑअरबॅक जिंकायची खात्री पटली की बेंचवर बसूनच सिगार पेटवायचा, त्यावरून. म्हणजे हा पोरगा उतरला की समजायचं, जिंकलो.

मीही ओरडायचो, सगळे ओरडायचे. पण ते पोर मान खाली घालून यायचं आणि मान खाली घालून जायचं. २००४ च्या फायनलच्या शेवटच्या मॅचला त्याला शेवटी उतरवला, तर त्यात हात मोडून घेतला. अंगठी मिळाली, प्लास्टरसकट. मला ते प्रेम कधी वाटलं नाही. स्कॅलॅब्रिनीला हसता येत होतं म्हणून ते प्रेम दिसतं.

आता तो सर्बियात फळबागा करतो, सफरचंदं, चेरी. मुलाखतीत बघितला, दाढी वाढलेली, निवांत. तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

टवाळ_टोणगा

औदुंबरराव, सकाळी सकाळी एकदम इतकं?

मीरा_पुणे

औदुंबरदादांशी सहमत. आमच्या शाळेतही एका मुलीला असंच 'पाठवा पाठवा' करून चिडवायचे. उतरली की टाळ्या, आणि चुकली की त्याहून मोठ्या टाळ्या. तेव्हा मजा वाटायची.

हुकशॉट

स्कॅलॅब्रिनीचं उत्तर ऐकलंय ना पण? रिटायर झाल्यावर बोस्टनला रेडिओवर लोक फोन करून म्हणायला लागले की ह्याला तर आम्हीही हरवू. तर गड्याने २०१३ मध्ये खुलं आव्हान दिलं, या. चार जण निवडले, त्यातले कॉलेजला खेळलेलेही होते. एकास एक. चौघांचे मिळून पॉइंट ६, ह्याचे ४४. 😂 त्याचं ते वाक्यही तेव्हापासून फिरतंय: मी लेब्रॉनच्या जितका जवळ आहे त्याहून तुम्ही माझ्यापासून कितीतरी लांब आहात, अशा अर्थाचं.

आणि २००८ ला सेल्टिक्स चॅम्पियन झाले तेव्हा फायनलमध्ये हा एक सेकंद खेळला नव्हता. पत्रकारांना म्हणाला, काही वर्षांनी तुम्ही हे विसराल, मी चॅम्पियनच राहीन. अजून काही वर्षांनी पोरांना सांगेन मी सुरुवातीपासून खेळायचो. त्याहून म्हातारा झालो की सांगेन, एमव्हीपी मीच होतो.

एडिसनची_मावशी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! आमचे हे असंच सांगतात, कॉलेजात रणजीच्या ट्रायलला गेलो होतो म्हणून. दरवर्षी त्यात एक मॅच वाढते.

स्मिता_फॉलसम

आमचा सिम भुल्लर!!

२०१५ एप्रिल, सॅक्रामेंटो. तेव्हा अजून जुनं स्लीप ट्रेन अरीना होतं. आईबाबा पुण्याहून आले होते, बाबांना घेऊन गेलो. सिम म्हणजे कॅनडात वाढलेला पंजाबी मुलगा, उंची ७ फूट ५ इंच. एनबीएत खेळलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस. आधी सॅक्रामेंटो किंग्जच्या खालच्या लीगच्या टीममध्ये होता, तिथून दहा दिवसांच्या करारावर वर आणला. युबा सिटीहून आलेले सरदारजींचे जथेच्या जथे स्टेडियममध्ये. मिनेसोटाशी मॅच चालू होती पण बघतंय कोण, सगळ्यांचे डोळे बेंचच्या टोकाला. वी वाँट सिम, वी वाँट सिम. बाबा विचारतात, 'सीम' म्हणजे सीम बोलिंग का गं?

शेवटी उतरला. किती वेळ? १६ सेकंद. सोळा! बॉलला हात लागेपर्यंत भोंगा. आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा, फेटेवाले, डोळे पुसत होते. बाबा म्हणाले, एवढ्यासाठी एवढं तिकीट? पण गाडीत बसल्यावर गप्प होते, आणि मग आपणहून म्हणाले, जेवायला येताना त्या पोराला दाराची चौकट लागत असेल गं.

एकूण तीनच मॅच खेळला तो तिथे. तरी आमच्याकडे अजून कुठल्याही पार्टीत त्याचं नाव काढा, चार जण 'आम्ही होतो तिथे' म्हणून सांगतात. स्टेडियममध्ये सतरा हजार सीट होत्या, ऐकायला मिळतात पन्नास हजार. 😀

दादरकर_अरुण

स्मिताताई, किंग्जचे मालक विवेक रणदिवे. मुंबईचे, जुहूचे. आपला माणूस.

स्मिता_फॉलसम

हो ना काका! बाबांचं स्टेडियममध्ये पहिलं वाक्य तेच होतं, 'रणदिवे? कुठले रणदिवे?'

दादरकर_अरुण

हा हा. आमच्या बिल्डिंगमध्ये एक रणदिवे होते, पोस्टात. विचारायला हवं होतं.

टवाळ_टोणगा

झालं. आता पुढची वीस पोस्टं कुळगोत्रावर.

गोखलेबुवा

बास्केटबॉलमधलं मला फार कळत नाही, पण धागा वाचताना राहवेना. बसून राहिलेला खेळाडू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अमोल मुजुमदार येतो. १९८८, आझाद मैदान, शारदाश्रम. सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करतायत आणि पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलाय. बसलाय तो बसलाच. त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढे रणजीत धावांचे डोंगर, पण भारताची टोपी नाही. आणि २०२५ मध्ये आपल्या मुलींनी डीवाय पाटीलला विश्वचषक उचलला तेव्हा कोच कोण? हरमनप्रीत त्याच्या पाया पडली ते पाहताना मी टीव्हीसमोर उभा होतो, बसवत नव्हतं.

अवांतर वाटलं तर उडवा.

रविकिरण_एन

गोखलेकाका, उडवायचं काय त्यात! असं अवांतर रोज येऊ दे.

पेंगुळलेला

आंद्रे इन्ग्रॅम. कोणी लिहिलंच नाही अजून?

एप्रिल २०१८, आपल्याकडे बुधवार सकाळ. मी तेव्हा नोकरी बदलायच्या खटपटीत, मुलाखती देऊन देऊन कंटाळलेलो, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्यापेक्षा सात वर्षांनी लहान पोरगा समोर बसून प्रश्न विचारतोय. मॅच लावली कारण डोकं चालत नव्हतं. लेकर्स-रॉकेट्स. लेकर्सचा सीझन केव्हाच संपलेला. आणि उतरला कोण, तर ३२ वर्षांचा, केस पांढरे झालेला माणूस. दहा वर्षं खालच्या लीगमध्ये काढलेली. तिथे पगार इतका कमी की गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. सीझनच्या शेवटच्या दोन मॅचसाठी त्याला वर बोलावलं होतं.

पहिला शॉट, थ्री, आत. दुसरा, आत. लोकांनी आधी नाव वाचलं, मग कुजबुज, मग पूर्ण स्टेपल्स सेंटर 'एमव्हीपी, एमव्हीपी' करतंय. समोर जेम्स हार्डन होता, ज्याला त्या वर्षी खरंच एमव्हीपी मिळाला. इन्ग्रॅमचे १९ पॉइंट. लेकर्स हरले, कोणाला पडली नव्हती.

आई स्वयंपाकघरातून आली. 'काय रे, कोणी गेलं का?' म्हटलं नाही, बास्केटबॉल. 'मग रडतोस कशाला?' मी म्हटलं, शिकवण्या घेतो गं तो. तिला काय कळलं कोण जाणे, चहा आणून ठेवला.

मीरा_पुणे

🥹🥹 नोकरी मिळाली का मग?

पेंगुळलेला

मिळाली की. आता मी समोर बसून प्रश्न विचारतो.

हुकशॉट

>>दहा वर्षं खालच्या लीगमध्ये

हे लोकांना कळत नाही. टीममध्ये जागा १५, त्यातले रोज धड खेळतात ते आठ-नऊ. उरलेले टॉवेल देणार, टाइमआउटला उठून टाळ्या देणार. पण त्या 'उरलेल्यांत' यायला जगभरातली पोरं मरतायत. आपला सतनाम सिंग बघा. पंजाबातलं बल्लो के गाव, तिथून २०१५ ला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. आणि एनबीएची एकही मॅच नाही, एकही. खालच्या टेक्सास लेजंड्सकडून खेळला. बेंचसुद्धा मिळणं किती अवघड ते बघा.

टवाळ_टोणगा

आता तो अमेरिकेत कुस्ती करतो ना, टीव्हीवरची? एका हाताने माणूस उचलतो.

हुकशॉट

हो. तिथे मात्र बसवून ठेवत नाहीत.

लॉस_एंजेलिसची_सून

अरे बोबान विसरलात???

बोबान मार्यानोविच. ७ फूट ४. हात म्हणजे पराती. हा कुठल्याही टीममध्ये जाऊ दे, तिथला लाडका. सॅन अँटोनियो, डेट्रॉइट, क्लिपर्स, फिली (फिलाडेल्फिया), डॅलस, ह्यूस्टन. डेट्रॉइटमध्ये टोबायस हॅरिसशी गट्टी जमली, तर दोघांची बदली एकत्र क्लिपर्सकडे, मग परत एकत्र फिलीला. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जावी तसं.

तर १४ एप्रिल २०२४. सीझनचा शेवटचा दिवस, क्लिपर्सच्या घरी ह्यूस्टन, आणि बोबान ह्यूस्टनकडून. आमच्याकडे क्लिपर्सच्या मॅचला असं असतं की चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्या टीमच्या एखाद्याने लागोपाठ दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) चुकवले की सगळ्या प्रेक्षकांना चिकन सँडविच फुकट. बोबान लाइनवर. पहिला चुकला. स्टेडियम पेटलं. लोक उभे राहून त्याच्याकडे हात करतायत. तो सगळीकडे बघतो, हसतो, स्वतःकडे बोट दाखवतो, म्हणजे 'काळजी नको, मी आहे' अशा थाटात, आणि दुसरा मुद्दाम हुकवतो! समोरच्या टीमचा माणूस, आमच्या पोटासाठी! मॅच ह्यूस्टननेच जिंकली, त्यामुळे पाप नाही लागलं.

मी शुद्ध शाकाहारी. सासूबाईही. पण आम्ही दोघी उभ्या राहून चिकनसाठी किंचाळत होतो. सँडविचं शेजारच्या मुलांना दिली.

एडिसनची_मावशी

पोळ्या झाल्या. आले तर इथे चिकन चाललंय.

दादरकर_अरुण

फुकट सँडविचपेक्षा सासू-सून एका बाजूने ओरडल्या हीच खरी बातमी.

लॉस_एंजेलिसची_सून

काका 😂 त्यानंतर अजून तो योग नाही.

वरळी_सीफेस

एनबीए मुंबईत आलं होतं तेव्हा गेलेलं कोणी आहे का? ऑक्टोबर २०१९, एनएससीआय डोम, किंग्ज विरुद्ध पेसर्स. पहिला सामना शाळेच्या मुलांसाठी होता, दुसऱ्याचं तिकीट काढून गेलो. तिकिटाचा आकडा घरी आजपर्यंत सांगितलेला नाही.

प्रीसीझनची (सीझन सुरू व्हायच्या आधीची) मॅच, त्यामुळे मोठी नावं लवकर बसली आणि बेंचवाल्यांना भरपूर खेळायला मिळालं. आजूबाजूचे सगळे हिरमुसले, फोटो काढायला लागले, एक नट आला होता त्याच्याकडे वळले. माझ्या शेजारी नागपाड्याचा एक मुलगा, असेल पंधरा-सोळाचा. त्याला ह्या शेवटच्या पोरांची नावं, कॉलेजं, कोण डावखुरा, सगळं पाठ. प्रत्येक जण उतरला की तो नावाने हाक मारायचा. पेसर्सच्या एका पोराने वळून वर बघितलं, खरंच बघितलं, आपलं नाव ह्या गावात कोण घेतंय म्हणून. त्या मुलाने मला इतक्या जोरात दंडाला धरलं की वळ उठला होता.

नागपाडा_फास्टब्रेक

नागपाड्याचं नाव निघालं, आता आम्ही आलोच.

भाई, आमच्याकडे बच्चूखान मैदानावर बेंच हा प्रकारच वेगळा. कट्ट्यावर बसलेला प्रत्येक माणूस कोच. मी आमच्या टीमचा बारावा. पाण्याच्या बाटल्या, बँडेज, सगळं माझ्या बॅगेत. तेरा नंबर बसायला आला की मला बढती मिळाल्यासारखं वाटायचं. तीसने पुढे असलो की कट्ट्यावरून हाका सुरू, 'अरे उसको डाल ना!' डाल म्हणणाऱ्यात माझे मामू सगळ्यात पुढे, आणि आत गेल्यावर 'पास कर, पास कर, तू मत मार' म्हणणारेही तेच.

मजाक होता का प्रेम होतं, औदुंबरभाईंना विचारायचं असेल तर सांगतो, दोन्ही. उतरायचो तेव्हा पोटात गोळा यायचा आणि नाही उतरवलं तर घरी जाऊन जेवण जायचं नाही.

औदुंबर

भाई, मान्य. तुम्ही आत होतात, मी बाहेरून बोलतोय. पण तुमचे मामू होते ते. डार्कोचं तिथे कोणी नव्हतं.

नागपाडा_फास्टब्रेक

हे बरोबर बोललात.

ठाण्याची_आई

मी एनबीए बघत नाही. नवरा बघतो. हा धागा त्यानेच पाठवला, 'तू लिही' म्हणून.

जो इंगल्स म्हणून एक ऑस्ट्रेलियन खेळाडू आहे. मिनेसोटाकडे होता, वय झालेलं, फार खेळवत नसत. त्याचा मुलगा ऑटिस्टिक आहे. स्टेडियमचा आवाज, दिवे, गर्दी, त्या मुलाला पूर्ण मॅच बसणं जमत नसे. मार्च २०२५ मध्ये कुटुंब भेटायला आलं होतं आणि त्या मुलाने पहिल्यांदा पूर्ण मॅच बसून काढली. आणि त्या मॅचला बाबाला उतरवलंच नाही! तर पुढच्या मॅचला कोचने इंगल्सला चक्क पहिल्या पाचात घेतलं. मुलाने बघावं म्हणून.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तोही स्पेक्ट्रमवर. आम्ही अजून एक पूर्ण सिनेमा बघितलेला नाही, लग्नाच्या जेवणाची पंगत बघितलेली नाही. नवऱ्याने ती क्लिप दाखवली तेव्हा खेळाडूकडे माझं लक्षच नव्हतं. पूर्ण मॅच बसला, पूर्ण! म्हणजे किती वेळ, दोन-अडीच तास ना? मी तेच विचारत राहिले त्याला.

मीरा_पुणे

ताई ❤️ हो, अडीच तास तरी. मध्ये हाफटाइमला तर अजूनच गोंगाट असतो.

लॉस_एंजेलिसची_सून

इकडे बऱ्याच स्टेडियममध्ये आता शांत खोली असते आणि कानावर लावायचे हेडफोन मागितले की देतात. माझ्या भाचीसाठी घेतले होते. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, लहान मुलांना बसणारे कुठले चांगले ते सांगते.

ठाण्याची_आई

नक्की करा. आमचे सारखे काढून फेकतो तो.

हुकशॉट

आता जरा वाद घालू या. ब्रॉनी जेम्स, लेब्रॉनचा मुलगा. २०२४ ला बापाच्याच टीममध्ये, लेकर्समध्ये. पहिल्याच मॅचला दोघं एकत्र उतरले, एनबीएत बाप-लेक पहिल्यांदाच. मग क्लीव्हलँडला गेले तेव्हा प्रेक्षक 'वी वाँट ब्रॉनी'. हा पण बेंचवरचा लाडका धरायचा का?

टवाळ_टोणगा

अजिबात नाही. त्याची जागा बापाने अडवून ठेवलेली. एसटीत रुमाल टाकून.

पेंगुळलेला

असं नको रे. क्लीव्हलँड बापाच्या पहिल्या टीमचं गाव, त्याच लोकांनी ह्याला रांगताना बघितलंय. तिथे त्याने पहिली बास्केट मारली तेव्हाचा आवाज ऐक एकदा. ती टिंगल नव्हती.

टवाळ_टोणगा

आणि इन्ग्रॅम दहा वर्षं शिकवण्या घेत होता. तूच लिहिलंस.

पेंगुळलेला

…ते पण आहे.

रविकिरण_एन

दोघेही पाणी प्या. ब्रॉनीसाठी वेगळा धागा काढा, तिथे शंभरी गाठेल.

दादरकर_अरुण

माझा आवडता सगळ्यांत जुना. जॅक हेली. १९९५-९६ चे बुल्स, जॉर्डन-पिपेन-रॉडमन, ७२ विजय. केबलवर बघायचो. रॉडमनशेजारी कायम सुटातला एक उंच गोरा माणूस. मला पहिले काही महिने वाटायचं हा त्यांचा वकील असावा, रॉडमनला लागणारच. नंतर कळलं की खेळाडू आहे! रॉडमनचा मित्र, सॅन अँटोनियोपासूनचा. पूर्ण सीझनमध्ये एक मॅच खेळला, तीही साखळीतली शेवटची. अंगठी मात्र सगळ्यांसारखीच मिळाली. बिचारा २०१५ ला गेला, लवकरच गेला.

मी बँकेत होतो. आमच्याकडेही साहेबांना शांत ठेवणं एवढंच काम असलेला एक जण होता आणि त्याची बदली झाल्यावर शाखा पंधरा दिवसांत कोसळली. त्यामुळे हेलीचं महत्त्व मला विचारा.

एडिसनची_मावशी

अरुणभाऊ, वकील 😂😂

हुकशॉट

बेंचवर बसून नुसता दंगा करणारे पण घ्या. २०२२ च्या प्लेऑफला डॅलसचं बेंच इतकं उभं राहून नाचायचं की लीगने तीनदा दंड ठोकला. २५ हजार, मग ५० हजार, मग एक लाख डॉलर. त्यात थिओ पिन्सन सगळ्यात पुढे. आणि वॉरियर्सच्या केन्ट बेझमोरचं बेंचवरचं नाचणं एवढं गाजलं की व्हिडिओ गेममध्ये घातलं. मैदानातल्या खेळासाठी नाही, बेंचवरच्या नाचासाठी गेममध्ये!

मीरा_पुणे

मला हस्लेम. युडॉनिस हस्लेम, मायामी. ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नाही, फ्रान्सला खेळून आला, आणि मग २० सीझन एकाच टीमला, आपल्याच गावच्या. शेवटची काही वर्षं जवळजवळ खेळलाच नाही. बसायचा, पण तरण्याताठ्या स्टारला टाइमआउटमध्ये झापायचा आणि तो ऐकून घ्यायचा. २०२३ ला साखळीतल्या शेवटच्या मॅचला उतरवला तर ४२ वर्षांच्या माणसाने २४ पॉइंट केले. आता त्याची ४० नंबरची जर्सी छताला टांगलीय.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनना हे वाचायला द्यावं का, विचार करतेय. ते पण वीस वर्षं आहेत, पण गोल एकही नाही.

टवाळ_टोणगा

बास्केट, मीराताई. गोल नव्हे.

मीरा_पुणे

त्यांचं दोन्ही नाही.

पेंगुळलेला

टॅको फॉल कुठे असतो आता? सेनेगलचा, साडेसात फुटी, सेल्टिक्सवाला. बोस्टनला 'वी वाँट टॅको' सुरू झालं की कोच ब्रॅड स्टीव्हन्ससारखा मख्ख माणूससुद्धा एकदा प्रेक्षकांकडे हात करून 'अजून जोरात' म्हणाला होता.

ऑकलंडचा_जोशी

इकडे आला होता की! न्यूझीलंड ब्रेकर्सकडून खेळला. आम्ही पोरांना घेऊन गेलो होतो बघायला. मॅचनंतर फोटोची भली मोठी रांग, आणि तो प्रत्येकासाठी गुडघ्यात वाकत होता, एकदाही कंटाळला नाही.

पेंगुळलेला

फोटो टाका ना!

ऑकलंडचा_जोशी

टाकतो, पण बायकोने काढलाय. आम्ही सगळे आहोत. तो खांद्यापर्यंत आहे.